आठ तासांचे रिकामे शेत

१

सोमवार, ३० डिसेंबर २०२४. दुपारचे तीन वाजून पन्नास मिनिटे. अंबाजोगाईबाहेरच्या माळावर नव्याने उभ्या राहिलेल्या बालाघाट कलासंग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात बारा पडदे टांगलेले होते. त्यांपैकी अकरा पडद्यांवर अकरा बायका, माणसाच्या उंचीएवढ्या, समोर पाहत उभ्या होत्या. नववा पडदा काळा होता. त्याच्या पायाशी बारावी बाई पडली होती. तिच्या गळ्याभोवती प्रोजेक्टरची काळी केबल आवळलेली होती, आणि ती चित्र नव्हती.

तिचे नाव करिष्मा. धर्मापुरीच्या ऊसतोड कामगारांची मुलगी, वय सव्वीस, कला महाविद्यालयात शिकलेली. पुण्याचे नामवंत व्हिडिओ कलावंत सुरज ढोबळे यांची ती साहाय्यक होती. येत्या रविवारी त्यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन व्हायचे होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

सहायक पोलीस निरीक्षक वनमाला गर्जे यांना दूरध्वनी आला तेव्हा शहर ओस पडले होते. दुकाने बंद, रिक्षा नाहीत, बसस्थानकात चिटपाखरू नाही. वनमालाबाई मूळच्या आष्टी तालुक्यातल्या, कड्याजवळच्या. अंबाजोगाईला बदलून येऊन त्यांना चारच महिने झाले होते.

"आज बंद आहे का कसला?" त्यांनी जीपमध्ये विचारले.

हवालदार बंकट हे युसूफ वडगावचे. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्याडम, आज येळवस हाय! वेळ अमावस्या. आख्खं गाव शेतात जेवायला जातंय आज. तुमच्याकडं न्हाई का येळवस?"

"आमच्याकडं नाही."

"मग तुमच्याकडं हाय तरी काय?" बंकट पुटपुटले आणि साहेबीण आहेत हे आठवून गप्प बसले.

मृतदेह प्रथम पाहिला तो संग्रहालयाच्या संचालिका दीपमाला यांनी. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष रामप्रसाद अण्णा यांच्या शेतातले जेवण आटोपून त्या परतल्या होत्या. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ अकरा ते एकच्या दरम्यानची सांगितली. इमारतीतले पाळतीचे कॅमेरे अजून खोक्यांतच होते.

वनमालाबाई नवव्या पडद्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. पडदा काळा होता खरा. पण बारकाईने पाहिले तर त्या काळ्यावर राखेसारखा एक फिकट चौकोन होता. वर प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरत होता.

"ह्या पडद्यावर कोण असतं?" त्यांनी विचारले.

"कौशल्याबाई," दीपमाला म्हणाल्या. "करिष्माची आई." त्यांनी खिडकीकडे पाहिले. "आणि लखनची."

"लखन कोण?"

 खिडकीतून खाली, फाटकाजवळच्या खुर्चीवर निळ्या गणवेशात ताठ बसलेल्या पहारेकऱ्याकडे दीपमाला यांनी बोट केले.

२

लखन करिष्माचा थोरला भाऊ. सगळा नोकरवर्ग सणाची सुट्टी घेऊन गेला होता. ह्याचे आईबाप कारखान्यावर उसाच्या फडात, घरी शेत नाही. म्हणून त्या दिवशीचा पहारा ह्याने आपण होऊन मागून घेतला होता.

"काल बहिणीशी भांडलास?"

"भांडलो."

"का?"

 लखन एकदम बोलू लागला. "आईची पिशवी काढली तवा ती एकतीस वर्साची होती, म्याडम. पाळीच्या दिसांत खाडा पडतो म्हनून. मुकादमानं डाक्टर दाखवला, डाक्टरनं सुरी दाखवली. आता तिनं त्या पडद्यावर पदर सारून टाके दाखवल्यात. म्या म्हनलं, करिष्मे, आई तुझ्या एकटीची हाय का? शे-दोनशे मानसं येतील, बघतील, आन् भायेर जाऊन च्या पितील. ती म्हनली, दादा, बघायलाच पायजे लोकांनी. आईनं आपल्या मनानं दावलंय."

"मग तू काय म्हणालास?"

लखनने मान खाली घातली. ते बोलणे आदल्या दिवशी तीन माणसांनी ऐकले होते. नाकारण्यात अर्थ नव्हता. "म्हनलं, तू मेलीस तर बरं."

"आणि आज?"

"आज अकराच्या सुमाराला ती आत गेली. माझ्याकडं बघून हासली."

"एवढं भांडण होऊन हसली?"

"हां. मला बी कळलं न्हाई कावून हासली. म्या फाटक सोडलं न्हाई. पुढून कुनीच आत गेलं न्हाई."

मागे सामान उतरवायचे एक दार होते. ते आकड्यांच्या कुलुपाचे. त्याचे आकडे करिष्मा, सुरज, दीपमाला आणि रामप्रसाद अण्णा एवढ्यांनाच ठाऊक. वनमालाबाईंनी ते दूरध्वनीवर उपअधीक्षकांना सांगितले. पलीकडून सुस्कारा आला.

"गर्जे, फाटकावर एक माणूस, आत एक बाई. माणसानं आदल्या दिवशी मर म्हटलंय. जो पडदा नको होता तोच काळा झालाय. ह्यात कोडं कुठं आहे?"

दिवेलागणीला लखनला जीपमध्ये बसवले. संग्रहालयाच्या पायऱ्यांवरून खाली लांबवर पसरलेली शेते दिसत होती, आणि त्या अंधारत चाललेल्या शेतांच्या कडांनी आगीचे ठिपके फिरत होते. जिकडे पाहावे तिकडे.

"हे काय?"

"कडब्याची पेंढी पेटवून शेताला फिरवत्यात," बंकट म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "येळवस संपली म्हनायची."

त्याच वेळी माळावरच्या रस्त्याने एक पांढरी गाडी वर आली. तीतून खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी घेतलेला उंच माणूस, सुरज ढोबळे, उतरला, पोलिसांची गर्दी पाहून थबकला आणि म्हणाला, "करिष्मा कुठं आहे? तिला सांगा, काम झालं. आठ तास मिळाले."

३

दोन दिवसांनी कौशल्याबाई फडातून आल्या. पोलीस ठाण्याच्या ओट्यावर बसल्या, त्या उठेचनात. बंकटनी चहा आणला, तो तसाच निवला.

"एक गेली," त्या वनमालाबाईंना म्हणाल्या. "दुसरा तुमी घेतला. आता मोळ्या कुनासाठी उचलू, तेवढं सांगा."

 दहा दिवसांत खुनी दुसरा कोणी आहे असे दाखवता आले नाही, तर लखनवर दोषारोप ठेवून फाइल वर पाठवायची, असा आदेश होता.

त्या रामप्रसाद अण्णांकडे गेल्या. अण्णा कारखानदार, माजी आमदार, आणि संग्रहालयाचा पैसा त्यांचा. बारापैकी चौथ्या पडद्यावरची बाई त्यांच्याच कारखान्याचे नाव घेत होती, ही गोष्ट लपलेली नव्हती.

"त्या पोरीवर माझा राग असता तर भिंतीला पडदा लागला असता का?" अण्णा हसले. "माझ्या शेतात त्या दिवशी तीनशे पान उठलं. अख्खा तालुका साक्षीला आहे."

"बारा ते एक तुम्ही तिथं नव्हता, अण्णा."

हसू मावळले. अण्णांनी दार लावून घ्यायला सांगितले. "बाई, बाहेर बोलू नका. शेजारच्या मळ्यात जुने विरोधक आले होते. येळवशीला कोण कुणाच्या शेतात जेवतो, कुणी विचारत नाही. तेवढ्यात पक्ष बदलायचं बोलणं उरकून घेतलं."

विरोधकांनी ते मान्य केले. आधी लाजून, मग भाव वाढवून. दीपमाला दिवसभर अण्णांच्या पंगतीत होत्या, त्यांनाही पाहणारे पुष्कळ निघाले.

मागच्या दाराचे आकडे माहीत असलेला एकच माणूस उरला, सुरज ढोबळे. तो मात्र धर्मापुरीच्या शिवारात, तीस किलोमीटर दूर होता. आणि त्याचा पुरावा चालत्याबोलत्या कोणत्याही साक्षीदारापेक्षा पक्का होता.

४

"मी ह्याच मातीतला आहे, मॅडम," सुरज ढोबळे म्हणाले. "कड्याचा. वडील नोकरीला पुण्याला गेले, एवढंच."

"मीही त्याच बाजूची."

"मग तुम्हाला कळेल." त्यांचे डोळे लाल होते, दाढी वाढलेली होती; दुःख खोटे वाटत नव्हते. "प्रदर्शनातलं शेवटचं काम राहिलं होतं. एक शेत. कॅमेरा एका जागी रोवायचा आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हलवायचा नाही. ऊस तोडायला गेलेली माणसं मागे जो रिकामेपणा सोडून जातात, तो दाखवायचा. त्या दिवशी मी तेच करत होतो. अण्णा म्हणाले होते, पार्टीला या. मी म्हटलं, हुरडा पुढच्या वर्षीही मिळेल."

त्यांनी ती चित्रफीत आपण होऊन पोलिसांकडे दिली होती. तांत्रिक अहवाल आला होता : छेद नाही, जोड नाही, सलग आठ तास. सावल्यांची लांबी डिसेंबरअखेरची. फाइलवर तारीख ३० डिसेंबर.

"कॅमेरा तिथं ठेवून तुम्ही परत येऊ शकला असता."

"दर तासाला बॅटरी बदलावी लागते. चालू कॅमेऱ्याची, चित्र न हलवता. आवाजात ती टिचकी ऐकू येते, मोजून पाहा. माणूस शेजारी बसलेला असल्याशिवाय ते होत नाही."

वनमालाबाईंनी ऐकून पाहिले. टिचक्या होत्या, सात.

"करिष्माचं तुमच्याशी काही बिनसलं होतं?"

"ती माझा उजवा हात होती," सुरज म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवले.

बाहेर आल्यावर बंकटनी विडा थुंकला. "मानूस रडतोय तर खरं. पन म्याडम, म्या ते चित्र बघितलं पाच मिन्टं. त्यात कायच होत न्हाई. आमच्या बी शेतात कायच होत न्हाई, त्याला कुनी तिकीट लावत न्हाई."

वनमालाबाई हसल्या नाहीत. त्यांना दुसरेच काही आठवले होते : तो राखेसारखा चौकोन.

५

"दीपमालाताई, प्रोजेक्टर बंद केला तर पडदा कसा दिसतो?"

तिसऱ्या दालनात त्या दोघीच होत्या. दीपमाला यांनी दहावा प्रोजेक्टर बंद केला. पडद्यावरची बाई गेली आणि तिथे भिंतीसारखा निखळ अंधार उरला. नववा मात्र अजून तसाच होता. काळा, पण किंचित राखी.

"म्हणजे नववा बंद नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "तो चालू आहे आणि काळा रंग दाखवतो आहे."

दीपमाला नियंत्रण-संगणकाकडे गेल्या. परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. नवव्या पडद्याच्या जागी कौशल्याबाईंची चित्रफीत नव्हती. तेवढ्याच लांबीचा काळा तुकडा बसवलेला होता. मूळ चित्रफीत पुसलेली होती, साठवणीच्या हार्ड डिस्कमधूनही.

"हे लखनला जमेल?"

"त्याला संगणकाचा परवलीचा शब्द माहीत नाही. तो फक्त करिष्मा आणि सुरजला माहीत."

"लखनला पडदा नको असता तर त्यानं वायर उपटली असती," वनमालाबाई सावकाश म्हणाल्या. "आणि सुरजना तर तो हवाच होता. सगळ्या प्रदर्शनातलं सर्वांत मोलाचं चित्र ते. मग काळा तुकडा कुणी बसवला?"

दीपमाला खुर्चीत बसल्या. "रविवारी संध्याकाळी करिष्माचा फोन आला होता. म्हणाली, ताई, नववा पडदा मी काढून घेते आहे, दादाचं बरोबर आहे. मी म्हटलं, कलाकृती सुरजची आहे, उद्या त्यालाच सांग. ती म्हणाली, ताई, सगळी चित्रं मी काढलीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"ठाऊक होतं?"

"होतं."

"मला हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्या चित्राला परदेशातल्या संग्रहालयाची मागणी होती. आमचं नाव होणार होतं." दीपमाला यांनी नजर वर केली नाही. "आणि सुरज तर त्या दिवशी शेतात होता ना?"

वनमालाबाईंना आता लखनच्या बहिणीचे ते हसू कळले. भावाने भांडून मागितलेली गोष्ट ती त्याला द्यायला निघाली होती. काम उरकून सांगू, म्हणून फाटकाशी बोलली नव्हती. ज्याचे म्हणणे मान्य झाले, तो भाऊ मारेल कशाला? मारायचे कारण एकाच माणसापाशी होते, आणि त्या माणसापाशी आठ तासही होते.

"ते आठ तास मला पाहायचे आहेत," त्या म्हणाल्या.

"कोणता भाग?"

"सगळे."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पहिल्या दालनात खुर्ची टाकून बसल्या. भिंतभर ज्वारीचे शेत उभे राहिले. उजवीकडे कडुलिंबाचे झाड, डावीकडे विहिरीचा दगडी काठ, मागे बांध. पिकावर वारा येई आणि जाई.

पहिला तास त्यांनी पोलिसाच्या नजरेने पाहिला : सावली उडी मारते का, ढग अचानक बदलतो का. काही नाही. दुसऱ्या तासाला कंटाळा आला. तिसऱ्या तासाला कंटाळा गेला आणि शेत दिसू लागले. एक टिटवी बांधावर आली. लिंबाची सावली विहिरीकडे सरकली. ज्या कोणी हा कॅमेरा रोवला होता, त्याला थांबता येत होते, एवढे निश्चित. दुपारी बंकट डोकावले, "म्याडम, झालं का काही?" म्हणाले, आणि "नाही" ऐकून निघून गेले.

पाच वाजून गेले. पडद्यावर ऊन पिवळे झाले, मग तांबूस. वनमालाबाईंना जाणवले की गेला अर्धा तास आपण कशाची तरी वाट पाहतो आहोत. कशाची, ते कळेना. सूर्य बांधाआड गेला. पीक काळसर झाले. आता दिसेल, त्यांना वाटले; आता त्या कडेने निघेल आणि शेताला फेरी घालेल.

आग.

चित्र संपले. पडदा रिता झाला.

त्या उठून उभ्या राहिल्या. त्या सोमवारी संग्रहालयाच्या पायऱ्यांवरून नजर जाईल तिथवर फिरणारे आगीचे ठिपके त्यांनी स्वतः पाहिले होते. एकही शेत वगळलेले नव्हते. मग हेच शेत कसे अंधारात राहिले? आणि आगच नव्हे. दहापासून सहापर्यंत ह्या शेतात एक माणूस आला नव्हता. ना बाई, ना मूल, ना पाणी शेंदायला विहिरीवर कोणी. ज्या दिवशी सगळे शहर कुलूप लावून शेतात गेले होते, त्या दिवशी!

आपण चार महिन्यांच्या पाहुण्या. आपल्या आष्टीकडे ही अमावस्या नाही. रिकामे शेत आपल्याला रिकाम्या शेतासारखेच दिसले. आणि सुरजही कड्याचाच.

"बंकट!" त्यांनी हाक मारली. "धर्मापुरीला गाडी काढा."

७

लिंब आणि विहीर शोधायला वेळ लागला नाही. शेत छबुबाईंचे होते. साठी उलटलेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू लावणाऱ्या. त्यांनी आधी पाणी दिले, मग प्रश्न ऐकला, आणि मग त्या उसळल्याच.

"रिकामं? येळवशीला? माझं शेत? बाई, पोलीस असाल तुमच्या घरी, तोंड सांभाळून बोला! मी काय मेलेय का, माझं शेत रिकामं ऱ्हायाला?"

"आज्जे, सायबीन आष्टीकडच्या हायत," बंकटनी समजूत घातली. "त्यांच्यात येळवस नसती."

"अगं बया," छबुबाईंचा राग एकदम दयेत बदलला. "मग तुमी करता काय त्या दिशी?"

लिंबाखाली कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, केली होती. तिचा पाचोळा अजून पडलेला होता. कोपीत चुना लावलेले पाच दगड, पांडव म्हणून पुजलेले. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातल्या आंबिलाचे मडके. लेकी, जावई, भावकी, गावातली भूमिहीन घरे, सगळी जेवायला होती. किती माणसे होती, असे वनमालाबाईंनी विचारताच छबुबाईंनी हात झटकला. "जेवनाऱ्याला मोजत नसत्यात."

"कॅमेरा घेतलेला एक उंच माणूस दिवसभर इथं बसला होता म्हणतात."

"कोन म्हनतंय? बसला असता तर उपाशी जाऊ दिला असता व्हय? त्या दिशी वाटसरूला हाताला धरून बसवत्यात." त्या थांबल्या. "कॅमेरा घेऊन आलती ती करिष्मा. आपली लेक. येळवशीच्या आधीच्या शुक्करवारी. सकाळधरनं दिवस बुडूस्तर तितं बांधाला बसली. म्या भाकर नेली तर म्हनली, आज्जे, पुढनं येऊ नगंस, मागनं ये. दिवसभर कुनाला पुढं जाऊ दिलं न्हाई पोरीनं." छबुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मला म्हनली, येळवशीला येते जेवायला. म्या तिच्यासाठी उंडा ठेवलता."

बंकट लिंबाकडे तोंड करून उभे राहिले. "म्या पाच मिन्टं बघितलं, म्याडम," ते म्हणाले. "पाच मिन्टं कुनाचं बी शेत रिकामं असतंय. अजून थोडं बघितलं असतं तर..."

८

पहिल्या दालनात चौघे जमले. दीपमाला, रामप्रसाद अण्णा, सुरज आणि वनमालाबाई. भिंतीवर शेत चालू होते. अण्णा ते प्रथमच पाहत होते.

"सुरजसाहेब, त्या दिवशी जेवलात कुठं?" वनमालाबाईंनी विचारले.

"डबा नेला होता."

"कुणी जेवायला बोलावलं नाही?"

"बोलवायला तिथं कोणी हवं ना. आठ तासांत एक माणूस फिरकला नाही. तोच तर ह्या कामाचा आत्मा आहे."

अण्णा भिंतीवरची नजर काढून सुरजकडे वळले. "कधीचं म्हणालात हे?"

"तीस तारखेचं. सोमवारचं."

"येळवशीला?" अण्णा म्हणाले. "धर्मापुरीत?"

 अण्णांना तिथल्या तिथे सगळे कळले होते. दीपमाला यांना अण्णांच्या चेहऱ्यावरून कळत होते. एकट्या सुरजला अजून काय चुकले ते उमगले नव्हते.

"तुम्हाला वाटलं, अण्णांनी हुरड्याची पार्टी ठेवली आहे," वनमालाबाई म्हणाल्या. "मलाही कळायला आठवडा लागला. आपल्याकडं हा सण नाही. पण इकडं त्या दिवशी एकही शेत रिकामं नसतं. तुम्ही त्या शेतात गेलाच नाहीत. गेला असता तर जेवल्याशिवाय सुटला नसता. हे चित्र शुक्रवारचं आहे आणि ते करिष्मानं काढलं आहे. सात वेळा बॅटरी बदलणारा हात तिचा. त्यात जोड नाही, कारण ती खरोखरच आठ तास बसली होती. तुम्ही फक्त तारीख बदललीत."

सुरज दाराकडे पाहू लागले.

"सोमवारी तुम्ही मागच्या दारानं आत आलात. ती आईची चित्रफीत पुसून बसली होती. ते कळताच तुम्ही तिचा गळा आवळलात. मग तुम्ही गाडी मागच्या अर्धवट बांधकामात लावली, पडदे ओढून संग्रहालयाच्या अतिथिगृहात थांबलात आणि अंधार पडल्यावर खालच्या वाटेनं उतरून पुन्हा वर आलात. नववा पडदा तसाच ठेवलात, कारण त्याचा आळ कुणावर जाईल हे तुम्हाला ठाऊक होतं. काळा पडदा दिसला की पोलीस भावाला धरतील. धरलंच आम्ही."

"तिनं पुसून टाकलं," सुरज म्हणाले. आवाज अगदी हलका होता. "मला न विचारता. कुठंच ठेवलं नाही. तसं चित्र मला आयुष्यात पुन्हा काढता आलं नसतं."

"पहिल्यांदा तरी तुम्ही कुठं काढलं होतं?"

ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पुढे कधीच दिले नाही. बाकी सगळे कबूल केले. अतिथिगृहाच्या मागच्या बांधकामातल्या ओल्या वाळूत पांढऱ्या गाडीच्या चाकांचे ठसे तसेच होते. त्या आठवड्यात गवंडी कामावर आलेच नव्हते.

९

लखनला सोडले त्या सकाळी कौशल्याबाई ओट्यावरच होत्या. वनमालाबाईंनी दोघांना आपल्या खोलीत बसवले. सांगणे भाग होते. न्यायालयात ते निघणारच होते.

"लखन, आईचं चित्र तुझ्या बहिणीनं स्वतःच्या हातानं पुसलं. त्याच दिवशी. तुझं म्हणणं तिला पटलं होतं."

 "म्हनून हासली," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हंजी म्या बोललो नसतो, तर तिनं पुसलं नसतं. आन् पुसलं नसतं, तर ती जिती असती."

 वनमालाबाईंनी मांडलेला तर्क तोच होता. लखनने तो फक्त उलट्या बाजूने वाचला होता, आणि त्यात कुठेही चूक नव्हती.

"गप," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी मुलाचे मनगट धरले, मोळी बांधताना धरतात तसे, घट्ट. "मारलं त्यानं. तू न्हाई. ऊठ. मुकादम वाट बघंल, आन् तुझ्या बापाला अजून कुनी नीट सांगितलं न्हाई."

दोघे फाटकातून बाहेर पडले. बंकटनी जीप देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही.

प्रदर्शन रद्द झाले. दोषारोपपत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात दाखल झाले. धर्मापुरीच्या त्या एका शेतातून आपण होऊन पुढे आलेले साक्षीदार : एकेचाळीस.